गोष्ट संपली की वही काढायची नाही

भांडुपहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. लांबलचक आहे, म्हणून थोडक्यात देते:

‘सहावीला मराठी शिकवते. अनुदानित मराठी शाळा, पटावर ३८ मुलं. धडा घडाघडा वाचतात, पण “तुला काय वाटतं?” म्हटलं की सगळे खाली बघतात. आमच्या एक बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी मला “किशोर”, “चंपक” आणि “चांदोबा”चे मिळून साठेक जुने अंक दिले. जूनपासून दर शनिवारी शेवटच्या तासाला ते वाटते. पहिले दोन शनिवार धमाल आली. आता मुलं विनोद आणि कोडी बघतात आणि अंक मिटतात. वाचलेल्या गोष्टीवर वहीत पाच ओळी आणि तात्पर्य लिहायचं, असा नियम केला आहे. पण सगळ्यांच्या पाच ओळी सारख्याच. चर्चा घेतली तर तीच चार मुलं बोलतात. अंक कमी, मुलं जास्त. मुख्याध्यापिका म्हणतात, आधी पोर्शन पुरा करा. त्यात दोन अंक परतच आलेले नाहीत. माझं कुठे चुकतंय?’

ताई,

तुमच्या पत्रात पाच ओळींचा नियम आला तिथेच मी थांबले आणि चहा ठेवायला उठले. म्हटलं, सापडलं. बाकी तुमचं फारसं काही चुकलेलं नाही, शनिवारच्या शेवटच्या तासासकट. त्या तासाला नाहीतरी पोरांचा जीव गेटबाहेरच्या वडापावात असतो. तेवढा वेळ तुम्ही कारणी लावलात.

पण मुलाच्या जागी बसून बघा. हातात अंक आला. चार पानी गोष्ट वाचली तर पाच ओळी, वर तात्पर्य. दोन ओळींचा विनोद वाचला तर काहीच नाही. सहावीतलं पोर एवढा हिशेब नक्की करतं. तुमची मुलं विनोदांकडे वळली ती आळसापायी नव्हे, शहाणपणाने. आणि पाच ओळी सारख्या येतात कारण एकाने लिहिल्या की त्या बाकावरून बाकावर फिरतात. ‘ही गोष्ट मला खूप आवडली. यातून आपल्याला प्रामाणिकपणाची शिकवण मिळते.’ अशाच आहेत ना? मी अशा वह्या पोत्याने तपासल्या आहेत. हत्तीच्या गोष्टीखाली प्रामाणिकपणा, आणि पाणबुडीच्या लेखाखालीसुद्धा प्रामाणिकपणा.

येत्या शनिवारी मुलांना सांगून टाका की गोष्ट संपली की वही काढायची नाही. यापुढे कधीच नाही. दोन आठवडे त्यांचा विश्वास बसणार नाही. तिसऱ्या आठवड्यात एखादा विचारेल, ‘बाई, खरंच काही लिहायचं नाही?’ तिथून तुमचं काम सुरू होतं.

मासिकाची खुबी काय असते? धड्याखाली स्वाध्याय असतो, मासिकातल्या गोष्टीखाली नसतो. आपल्याकडे मुलांसाठी मासिकं काढायची खटपट जुनी आहे; ‘बालबोधमेवा’ १८७० च्या दशकातला, ‘आनंद’ १९०६ चा. पण मला सगळ्यात मौज वाटते ती ‘किशोर’ची. जी बालभारती आपली पाठ्यपुस्तकं काढते, धड्याखाली ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ छापते, तिनेच १९७१ च्या नोव्हेंबरात मुलांसाठी हे मासिक सुरू केलं. म्हणजे धड्याने भागत नाही हे खुद्द धडे काढणाऱ्यांनीच ओळखलं होतं. आणि आपण शिक्षक काय करतो? मासिकाच्या गोष्टीखाली स्वतःच्या हाताने स्वाध्याय चिकटवतो. मी वर्षानुवर्षं तेच केलं, म्हणून अधिकाराने बोलते आहे.

आता चर्चेचं. तुमच्या गठ्ठ्यात ‘चांदोबा’ आहे म्हणता, तर त्यात विक्रम-वेताळ असणारच. मराठीत १९५२ पासून निघालेल्या या मासिकाने वेताळाला घरोघरी पोचवलं. खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार, ते चित्र तुम्हालाही आठवत असेल. वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी पेच टाकतो आणि दम देतो, उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर तुझ्या डोक्याची शंभर शकलं होतील. एकदा गोष्ट वाचून दाखवता दाखवता माझ्या डोक्यात आलं, आपल्या वर्गात हे नेमकं उलटं चालतं. उत्तर बाईंना आधीच ठाऊक असतं, आणि डोकं फुटायची भीती मात्र पोरांना.

म्हणून मुलं खाली बघतात, ताई. ‘तुला काय वाटतं?’ हा प्रश्न त्यांना खरा वाटत नाही. त्यांनी पाच वर्षांत शिकून घेतलेलं असतं की बाईंच्या मनात एक उत्तर आहे आणि आपण ते ओळखायचं आहे. ओळखणारी चार मुलं असतात. तीच बोलतात.

वेताळाची गोष्ट पेचापाशी थांबवा आणि अंक मिटा. विक्रमाचं उत्तर वाचू नका. पुढच्या शनिवारपर्यंत नाही. मुलं वैतागतील, एखादा मधल्या सुट्टीत तुमच्या टेबलावरून अंक पळवून उत्तर बघेल आणि सगळ्यांना सांगेल. सांगू दे. पळवून वाचलेलं पान हे पूर्ण वाचलेलं पान असतं. आणि विक्रमाचं उत्तर कळल्यावर खरं भांडण सुरू होतं, कारण राजाचा न्याय पोरांना पटतोच असं नाही.

एक प्रसंग सांगते. माझ्या नोकरीतला हा तास मी सगळ्यात जास्त वेळा आठवला असेन.

२००६ चा पावसाळा होता. मी तेव्हा कुर्ल्याच्या बाजूला सातवीचा वर्ग घेत होते. वर्गातली बरीचशी मुलं मिठी नदीच्या काठच्या वस्त्यांतली. आदल्या वर्षीच्या २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, तो या मुलांनी आकड्यात नव्हे, छातीपर्यंत मोजला होता. त्या दिवशी बाहेर असाच धो धो पाऊस, निम्मा वर्ग गैरहजर. मी एका मासिकातलं अगदी लहानांसाठीचं पान काढलं, चिमणीचं घर मेणाचं आणि कावळ्याचं घर शेणाचं. सातवीला चिऊ-काऊ! पण वर्गात दोन-तीन मुलं अशी होती की त्यांना लांब गोष्ट झेपत नव्हती आणि ती मला त्या दिवशी बोलायला हवी होती. (सोप्या मजकुराचा हा फायदा मला उशिरा कळला. वाचण्यात दम गेला नाही की विचार करायला उरतो.)

पोरं आधी हसली. मग आम्ही आळीपाळीने वाचलं. पाऊस आला, कावळ्याचं घर वाहून गेलं, कावळा दाराशी. ‘चिऊताई चिऊताई, दार उघड.’ ‘थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते.’ ‘थांब, माझ्या बाळाला अंगडं घालते.’ ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते.’ मी विचारलं, ‘काय म्हणायचंय कुणाला?’ नेहमीचे दोघं-तिघं म्हणाले, चिमणी स्वार्थी आहे, तिने मदत करायला हवी होती. मी मान डोलावणार, एवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो जूनपासून हजेरीपलीकडे एक शब्द बोलला नव्हता, बसल्या बसल्या म्हणाला, ‘चिमणीने बरोबर केलं.’

ओरडा झाला. तो म्हणाला, ‘गेल्या वर्षी आमच्या पोटमाळ्यावर अकरा माणसं होती. बारावा आला तर आईने नाही म्हटलं. पोटमाळा पडला असता.’

वर्ग गप्प. बाहेर पाऊस. मला काय बोलावं सुचेना, आणि ते न सुचणं हे माझं नशीब. कारण खिडकीपाशी बसलेली एक मुलगी पान पुढे ओढून म्हणाली, ‘पण तुझ्या आईने नाही म्हटलं. चिमणी नाही म्हणतच नाही. ती थांब म्हणते. बघ ना, सगळीकडे थांबच आहे.’

आणि सगळ्यांची डोकी पानात गेली. ‘थांब’ मोजायला लागले! ज्यांना चार ओळी सलग वाचता येत नव्हत्या तेसुद्धा बोट फिरवून ‘थांब’ शोधत होते. नाही म्हणणं आणि थांब म्हणणं यात काय फरक, कावळ्याला कुठलं जास्त लागलं असतं, ‘नाही’ ऐकून तो दुसऱ्या दारी तरी गेला असता का, यावर वीस मिनिटं गेली. तो मुलगा पुन्हा तीनदा बोलला.

मग मी माती केली. घंटेला पाच मिनिटं उरली होती, आणि हाडाची बाई ना मी. म्हटलं, ‘तर मुलांनो, यातून आपण काय शिकलो?’ पंखा बंद पडावा तसा वर्ग बंद पडला. पुढच्या बाकावरची एक हुशार मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘शेजाऱ्याला मदत करावी.’ मागच्या बाकावरचा मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला होता. ज्याच्या आईने बाराव्याला नाही म्हटलं होतं त्याच्यासमोर मी तात्पर्य वदवून घेतलं होतं. त्या दिवसापासून मी वर्गात तात्पर्य विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

त्या मुलीने जे केलं, पानाकडे परत जाणं, तेच वाचन शिकणं. म्हणून एक प्रश्न मात्र तुम्ही कितीही वेळा विचारा, ‘हे कुठल्या ओळीवरून म्हणतोस?’ पोलिसी आवाजात नव्हे, आपल्यालाही ती ओळ बघायची आहे अशा आवाजात. बाकी माझे ठेवणीतले प्रश्न असे: वाचताना कुठे अडलास? कुठली गोष्ट खोटी वाटली? लेखकाने काय सांगायचं राहून गेलं? कुठलं वाक्य काढून टाकलं तरी चालेल? यातल्या एकाचंही उत्तर आपल्याकडे तयार नसतं, हीच त्यांची गंमत. आणि एक पथ्य आहे. मुलाचं बोलणं झालं की लगेच ‘छान’ किंवा ‘बरोबर’ म्हणायचं नाही. ‘छान’ म्हटलं की बाकीच्यांना कळतं, बाईंचं उत्तर मिळालं, संपलं. नुसतं ‘हं’ म्हणा आणि दुसऱ्या कुणाकडे तरी बघा.

प्रश्न विचारल्यावर थांबायलाही शिकावं लागतं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांमधली बोलणी ध्वनिमुद्रित करून हे मोजलं होतं. प्रश्न विचारून झाल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच वाट बघतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. वर्गासमोर उभं राहून करून बघा, युग वाटतं. मी हात पाठीमागे धरून बोटं मोजायची.

‘तीच चार मुलं’ या दुखण्यावर माझ्याकडे एक घरगुती औषध आहे. आमच्या लहानपणी हे चिंचोक्यांनी झालं असतं, आता मुंबईत चिंचोके कुठे शोधा. पाण्याच्या बाटल्यांची झाकणं गोळा करा. पाच-सहा जणांचा गट, प्रत्येकाला तीन झाकणं. बोललं की एक झाकण मध्ये टाकायचं. तिन्ही संपली की इतरांची संपेपर्यंत ऐकायचं. तुमचे चार वक्ते पहिल्या दोन मिनिटांत कफल्लक होतील, आणि मग त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. पण हे महिन्यातून एकदाच. रोज केलं की पोरं झाकणं संपवायला काहीही बोलतात. एरवी साधा उपाय पुरतो. आधी शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोला, मग वर्गात. आणि वर्गात स्वतःचं नव्हे, शेजाऱ्याचं म्हणणं सांगायचं. लाजऱ्या मुलाला दुसऱ्याचं मत सांगताना लाज वाटत नाही.

भाषेबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण मी लिहिते, कारण भांडुपच्या वर्गात कोकणापासून खानदेशापर्यंतची घरं असणार. चर्चा रंगली की मूल घरच्या बोलीत जातं. कुणी ‘का’ ऐवजी ‘कित्याक’ म्हणेल, कुणी ‘काऊन’, कुणी ‘काबर’, कुणी सरळ हिंदीत घुसेल. त्या क्षणी भाषा सुधारलीत तर मुद्दा मरतो. शुद्धलेखनाला आठवड्यातले बाकीचे तास आहेत.

आता विनोद. मुलं विनोदच वाचतात म्हणून तुम्ही खंतावलात, मी तर खूश झाले. विनोद वाचणं सोपं नाही. हा जुनाच घ्या:

बाई: बंडू, तुझा ‘माझा कुत्रा’ हा निबंध तुझ्या भावाच्या निबंधासारखाच कसा?
बंडू: बाई, कुत्रा एकच आहे ना!

सगळे हसतात. आता विचारा, यात हसू कशाचं आलं? समजावून सांग. अर्ध्या वर्गाची दांडी उडते. बंडूने कॉपी केली आहे का? कुठे लिहिलं आहे? लिहिलेलं नाही, तरी सगळ्यांना कळलं, ते कशावरून? बंडू हुशार की मूर्ख? बाईंना काय हवं होतं आणि बंडूने दुसऱ्याच कुठल्या प्रश्नाचं उत्तर दिलं? न लिहिलेलं वाचणं म्हणतात ते हेच, आणि ते दोन ओळींत शिकवून होतं. प्रत्येकाने आपल्या अंकातला एक विनोद निवडून गटात ‘यात हसू कुठे’ ते सांगायचं. एक तास मजेत जातो. ज्या विनोदाला कुणीच हसलं नाही तो का फसला, हे तर त्याहून चांगलं. जुन्या अंकांत बायकांवरचे, जाड्या माणसांवरचे विनोद सापडतील. ते लपवू नका. मुलांनाच विचारा, हा कुणाला हसतोय?

अंक जुने आहेत याचं तुम्हाला वाईट वाटतं असं पत्रावरून वाटलं. अहो, जुना अंक म्हणजे घबाड. २००६ च्या आधीच्या एखाद्या अंकात सूर्यमालेवरचा लेख शोधा, त्यात नऊ ग्रह सापडतील. २००६ च्या ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने प्लूटोला बटुग्रहांत टाकलं आणि उरले आठ. मुलांच्या पुस्तकात आठ, अंकात नऊ. हा अंक खोटं बोलतोय का? छापणाऱ्याची चूक झाली का? मग आजच्या पुस्तकात लिहिलेलं उद्या बदलणार नाही कशावरून? छापलेलं असतं ते सगळं खरंच असतं, या समजुतीला सहावीत एक धक्का बसलेला बरा. हातात मोबाइल आल्यावर फार उपयोगी पडतो. त्यासाठी पानावरची तारीख बघायची सवय लागते. वाचायला सुरुवात करण्याआधी अंक कधीचा, किंमत किती, संपादक कोण, हे एकदा सगळ्यांनी मोठ्याने वाचावं. जुन्या किमती ऐकून पोरं हसत सुटतात.

अंक कमी, मुलं जास्त, याला एक उपाय आहे आणि त्यात एक खोच आहे. मधोमध पिना मारलेला अंक असेल तर पिना काढून पानं सुटी करता येतात. एका अंकाचे दहा-बारा वाचक होतात. पण मी पहिल्यांदा केलं तेव्हा फजिती झाली. ३२ पानी अंकाचा सगळ्यात बाहेरचा ताव उचललात तर त्यावर पान १, २ आणि ३१, ३२ असतात. सलग पानं फक्त मधल्या तावावर, १५ ते १८. म्हणजे एका मुलाच्या हातात एका गोष्टीची सुरुवात आणि भलत्याच कोड्याचं उत्तर. तेव्हा ताव घडीवर कापा, पानं क्रमाने लावा आणि एकेक गोष्ट प्लास्टिकच्या पिशवीत घाला. तरीही एका गोष्टीचं शेवटचं पान आणि दुसरीचं पहिलं पान पाठपोट निघेल. तिथे एकच गत, ते पान एका पिशवीत ठेवायचं आणि दुसरीत चिठ्ठी, ‘सुरुवात हरवली आहे, काय झालं असेल?’ मला ही अडचण पुढे इतकी आवडली की मी मुद्दामच सुरुवाती हरवायला लागले. मात्र सगळे अंक फाडू नका. पाच-सात तरी अख्खे राहू द्या, कारण अनुक्रमणिका बघून, पानं उलटत, हे नको ते नको करत शेवटी एकीकडे थांबणं हेही शिकावंच लागतं आणि ते सुट्या पानात होत नाही.

आणखी अंक हवे असतील तर माटुंग्याला किंग्ज सर्कलचे आणि फोर्टात फ्लोरा फाउंटनपाशी फुटपाथवरचे पुस्तकवाले बघा, रद्दीवाल्याला सांगून ठेवा. दिवाळीनंतर सोसायट्यांतून मुलांचे दिवाळी अंक रद्दीत जातात, ते मागून घ्या. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने आंतरजालावर चढवून ठेवले आहेत, शाळेत मोठा पडदा असेल तर एक पान सगळ्यांना एकदम दाखवता येईल. पैसे जमले तर एका चालू मासिकाची वर्गणी भरा, मग ते कुठलंही असो. दर महिन्याला नवा अंक येण्याची वाट बघणं जुन्या गठ्ठ्यात नाही.

मुख्याध्यापिकांशी भांडू नका. त्यांनाही वर उत्तरं द्यावी लागतात. त्यांच्या भाषेत बोला. आपल्याकडे २०१० पासून आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाची नोंदवही आहे आणि त्यात दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम असे रकाने आहेत. शंभरातले निम्मे शिक्षक ते रकाने मार्चमध्ये एका बैठकीत भरतात, हे त्यांना आणि तुम्हाला दोघींना ठाऊक आहे. (मीही भरले आहेत.) तुम्ही शनिवारच्या तासाला दर खेपेला चारच मुलांकडे लक्ष ठेवा आणि तास संपल्यावर प्रत्येकाची एक ओळ टिपा, ‘मुद्दा सिद्ध करायला ओळ दाखवली’, ‘दुसऱ्याचं म्हणणं खोडताना आधी नीट सांगितलं’, ‘आज पहिल्यांदा बोलली’. दहा शनिवारांत पट संपतो आणि वहीत खऱ्या नोंदी असतात. ही वही त्यांच्या टेबलावर ठेवा. पोर्शनचं म्हणाल तर एखादा धडाही याच पद्धतीने घेऊन दाखवा, स्वाध्याय नंतर. मी घेतला तेव्हा तीन तासांचा धडा दोन तासांत झाला होता. नेहमी होईल याची हमी देत नाही.

आणि एक राहिलं. मुलं वाचत असताना तुम्ही काय करता? वह्या तपासत असाल तर नका तपासू. खुर्चीत बसून तुम्हीही एक अंक वाचा, आणि मध्येच स्वतःशी हसा. पोरं विचारायला येतातच, ‘बाई, काय आहे?’ तेव्हा ‘तुझं तू वाच’ म्हणून अंक पुन्हा डोळ्यांसमोर धरा.

परत न आलेल्या दोन अंकांबद्दल. रागावू नका, दंड तर मुळीच नको. कुणी नेले ते माहीत असेल तर पुढचा अंक देताना सहज विचारा, आधीचा घरी कोण वाचतंय. माझ्या वर्गातल्या एका मुलीने एक अंक चार महिने दाबून ठेवला होता. विचारल्यावर कळलं, तिची आई रोज रात्री जोडाक्षरं लावत लावत त्यातलं एक पान वाचत होती आणि अजून निम्माच झाला होता. तेव्हा मी तिला दुसराही देऊन टाकला.

माझ्या माळ्यावर अजून एक गठ्ठा आहे, चाळीसेक अंक असतील. वरचे दोन-तीन वाळवीने चाखले आहेत, बाकीचे ठीक आहेत. शाळेचा पत्ता सदराच्या पत्त्यावर कळवा, पाठवून देते. परत मागणार नाही.